सगळ्या घराचीच अकाउंटं हॅक झाल्यासारखी वाटतात, तेव्हा सुरुवात कुठून करायची

फोंड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. गेल्या आठ दिवसांत सासूबाईंचं व्हॉट्सअ‍ॅप आपोआप बंद पडलं. नवऱ्याच्या नावाने फेसबुकवरून नातेवाइकांना ‘अर्जंट पंधरा हजार पाठव, उद्या देतो’ असे मेसेज गेले. मुलीला इन्स्टाग्रामचा पासवर्ड बदलण्याचे मेल एकामागून एक येताहेत. बोटीवर नोकरीला असलेल्या दिराचं जीमेल उघडत नाही. कुणीतरी आमचे सगळ्यांचे फोन हॅक केलेत का, आणि सगळे फोन फॉरमॅट मारून घ्यावेत का, असं त्या विचारतात.

ताई, फॉरमॅट आत्ता मारू नका. फेसबुक, इन्स्टाग्राम, जीमेल ही अकाउंटं तुमच्या फोनमध्ये नसतात, त्या त्या कंपनीच्या सर्व्हरवर असतात. आत कुणी शिरलेला असेल, तर फोन पुसल्याने तो बाहेर पडत नाही. उलट पोलिसांना दाखवायचे मेसेज मात्र जातात. शिवाय गुगल आणि फेसबुक ज्या फोनला ओळखीचा मानतात, तो पुसल्यावर त्यांना नवा वाटू शकतो. अकाउंट परत मिळवताना हीच ओळख सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

सगळ्यात आधी एक गोष्ट आजच करा. ज्या नातेवाइकांना मेसेज गेले, त्यांना फोन करून कुणी पैसे पाठवले का ते विचारा. पाठवले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा. तो तुम्ही नाही, ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याने करायचा. बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा १२ आकडी यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा क्रमांक) हाताशी ठेवावा. तक्रार नोंदली गेली की पैसे ज्या खात्यात गेले, त्या बँकेकडे रक्कम अडवून ठेवण्याची सूचना जाते. चोर मात्र पैसे लगेच पुढच्या खात्यात सरकवतो, म्हणून ‘उद्या बँक उघडल्यावर बघू’ म्हणण्यात हातचे पैसे जातात. १९३० लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तीच माहिती भरावी.

आता मूळ प्रश्न. एकाच माणसाने एका घरातले सगळे फोन फोडले, असं क्वचितच होतं. या चार त्रासांची कारणं वेगवेगळी असण्याची शक्यता जास्त आहे. पण चार अकाउंटांना जोडणारा एक धागा बऱ्याच घरांत असतो, आणि तुमच्याकडे तो दीर असू शकतात. घरात ज्याला फोनमधलं कळतं, तो सगळ्यांची अकाउंटं उघडून देतो आणि देताना स्वतःचाच मेल किंवा नंबर टाकतो. म्हणून एक कागद घ्या. प्रत्येकाचं नाव लिहा आणि त्यासमोर व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम, जीमेल यातलं काय कुठल्या मेलवर आणि कुठल्या नंबरवर चालतं ते लिहा. सासूबाईंचं आणि नवऱ्याचं फेसबुक दिरांच्या जीमेलवर उघडलेलं निघालं, तर तिथूनच सुरुवात करायची. मेल आणि मोबाइल नंबर ज्याच्या हातात, त्याच्या हातात बाकी सगळं. ‘फरगॉट पासवर्ड’ दाबलं की कोड याच दोन ठिकाणी येतो. मेल चोराच्या हातात राहिला तर बाकीचे पासवर्ड कितीदा बदलले तरी काही फरक पडत नाही.

दिरांचा गोव्याचा नंबर चालू आहे का, हे आत्ताच दुसऱ्या फोनवरून लावून बघा. बोटीवर किंवा आखातात असलेल्यांच्या बाबतीत हे फार घडतं. कॉन्ट्रॅक्ट सात-आठ महिन्यांचं असतं, इथल्या सिमला रिचार्ज मारायचं राहून जातं, कंपनी नंबर बंद करते आणि ९० दिवस उलटले की तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. त्या नव्या माणसाने चोर असायची गरज नाही. त्याने सहज फेसबुकवर नंबर टाकला तर ‘हे तुमचं अकाउंट आहे का’ म्हणून तुमच्या दिरांचा फोटो त्याच्यासमोर येऊ शकतो, आणि कोड त्याच्याच फोनवर पडतो. व्हॉट्सअ‍ॅपचंही तसंच. फोन अनोळखी माणसाने उचलला तर नंबर गेला असं समजा आणि प्रत्येक अकाउंटातून तो काढायच्या मागे लागा. नंबर नुसताच बंद असेल तर सिम कुणाच्या नावावर आहे ते शोधा, बरेचदा ते वडिलांच्या नावावर निघतं. ज्याच्या नावावर सिम, त्यालाच आधार घेऊन कंपनीच्या अधिकृत स्टोअरमध्ये जावं लागतं. नवं सिम मिळाल्यावर साधारण २४ तास एसएमएस बंद ठेवलेले असतात. तेव्हा ‘ओटीपी येत नाही, परत हॅक झालं’ असं समजून घाबरू नका.

आपल्या नावावर भलतंच सिम निघालंय का, तेही बघून घ्या. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर स्वतःचा नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. त्यात ओळखीचा नसलेला नंबर असेल तर तिथेच ‘हा माझा नाही’ असं कळवता येतं. कधी घरातल्या एकाच फोनची रेंज अचानक गेली आणि त्याच कंपनीच्या बाकी फोनांना ती असेल, तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला विचारा की या नंबरचं नवं सिम किंवा ई-सिम कुणी काढलंय का.

दिरांचं जीमेल परत मिळवताना एक घोळ हमखास होतो. भाऊ इथे फोंड्यात बसून स्वतःच्या फोनवरून दहादा प्रयत्न करतो. गुगलला फोन अनोळखी, आणि उत्तरं अंदाजपंचे. असे प्रयत्न वाढले की गुगल काही काळ दारच लावून घेतं. बोटीवरचं इंटरनेट सॅटेलाइटवरून येतं, त्यामुळे तिथूनही लोकेशन भलतंच दिसू शकतं. त्यांचा जुना फोन किंवा लॅपटॉप घरात पडलेला असेल तर आधी तो चार्ज करा. त्यावर जीमेल अजून उघडं असेल तर लॉगआऊट अजिबात करू नका, तोच तुमचा सगळ्यात मोठा आधार आहे. फोनवर त्यांच्याशी बोलत बोलत, त्याच उपकरणावरून, नेहमीच्या वायफायवर गुगलच्या अकाउंट रिकव्हरीत जा. रिकव्हरी नंबर कुणी बदलला असेल तर बदलानंतर साधारण ७ दिवस जुन्या नंबरवरही कोड मागवता येतो, म्हणून उशीर करू नका.

आत शिरल्यावर नुसता पासवर्ड बदलून थांबायचं नाही. ‘युवर डिव्हायसेस’मध्ये जाऊन ओळखीची नसलेली उपकरणं साइन आऊट करा, रिकव्हरी मेल आणि नंबर तपासा. मग कॉम्प्युटरवर जीमेल उघडून सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ हे दोन भाग बघा. फोनच्या अ‍ॅपमध्ये ते दिसत नाहीत, म्हणून बहुतेकांच्या लक्षातच येत नाहीत. चोर तिथे एक नियम लावून ठेवतो: फेसबुककडून किंवा बँकेकडून आलेला मेल परस्पर कचऱ्यात टाकायचा, किंवा त्याची प्रत आपल्याकडे वळवायची. पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो. ट्रॅशही चाळून बघा. पुसलेले मेल तिथे ३० दिवस राहतात, आणि कुणी काय बदललं याचा माग तिथेच लागतो.

हे झालं की टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागणारी सोय, सुरू करा. बोटीवरच्या माणसासाठी एसएमएसवर अवलंबून राहू नका, ऑथेंटिकेटर अ‍ॅप (फोनमध्येच कोड तयार करणारं) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनचं लॉक किंवा बोटाचा ठसा) वापरा. गुगल १० बॅकअप कोड देतं. ते कागदावर उतरवून एक प्रत घरच्या कपाटात आणि एक त्यांच्या पासपोर्टच्या पाकिटात असू द्या. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवू नका.

सासूबाईंचं व्हॉट्सअ‍ॅप. स्क्रीनवर नेमकं काय आलं होतं ते त्यांना विचारा. ‘हा नंबर या फोनवर आता रजिस्टर नाही’ अशा अर्थाचं काही असेल, तर तो नंबर दुसऱ्या फोनवर चालू केला गेलाय. याची रीत ठरलेली आहे. ओळखीच्याच नंबरवरून मेसेज येतो, ‘मामी, चुकून माझा सहा आकडी कोड तुमच्या नंबरवर आलाय, जरा पाठवा ना.’ पाठवणारीचं अकाउंट आधीच चोराकडे गेलेलं असतं. भजनी मंडळाच्या किंवा देवस्थानच्या ग्रुपवर एकाचं गेलं की त्याच ओळखीवर पुढच्यांचं जातं. सासूबाईंनी कोड दिला असेल तर त्यांना रागावू नका. रागावलं की पुढच्या वेळी त्या सांगणारच नाहीत, आणि तुम्हाला कळेपर्यंत दोन दिवस जातील.

उपाय सरळ आहे. त्यांच्याच फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडून नंबर टाकायचा आणि एसएमएसने आलेला सहा आकडी कोड भरायचा. तो भरला की चोर त्याच क्षणी बाहेर पडतो. यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने आणखी एक पिन मागितला आणि तुम्ही कधी ठेवलेला नसेल, तर तो चोराने लावलाय. तेव्हा ७ दिवस थांबावं लागतं, मग पिनशिवाय आत जाता येतं. या सात दिवसांत लोक हवालदिल होतात, पण कोड भरल्यामुळे चोरही आत नसतो हे लक्षात ठेवा. कोडच मिळत नसेल आणि स्क्रीनवर काही तासांची वेळ दिसत असेल तर तेवढं थांबा. सारखं दाबत राहिलं की वेळ वाढत जाते. कॉलवरून कोड मागवण्याआधी फोनच्या सेटिंग्जमध्ये कॉल फॉरवर्डिंग (आलेले कॉल दुसरीकडे वळवणं) कुठल्या अनोळखी नंबरवर लावलेलं नाही ना, ते बघा. ‘कुरिअरवाल्याला फोन लावायला हा नंबर डायल करा’ असं सांगून स्टार आणि हॅशवाले आकडे दाबायला लावतात, ते याचसाठी.

नंबर असा पळवला गेला तरी जुनं बोलणं चोराला आपोआप मिळत नाही, ते फोनमध्ये आणि बॅकअपमध्ये असतं. ग्रुप आणि नवे मेसेज मात्र दिसतात.

व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलेलं नाही, पण आपलं बोलणं कुणीतरी वाचतंय असं वाटत असेल, तर ते प्रकरण वेगळं. त्यासाठी सेटिंग्जमधलं ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा. मूळ फोनसोबत चार उपकरणं जोडता येतात, आणि जोडणाऱ्याला अलीकडचं बोलणंही दिसतं. यादीत क्रोम किंवा विंडोज दिसलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. आधी आठवून बघा, मामलेदार कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात आधारची प्रिंट काढताना तिथल्या कॉम्प्युटरवर क्यूआर स्कॅन केला होता का? दुकानदाराने विंडो बंद केली, पण लॉगआऊट केलंच नाही, तर तुमचे मेसेज तिथे उमटत राहतात. यादीतल्या त्या नावावर बोट दाबून ‘लॉग आऊट’ करा. पुढच्या वेळी फाइल पेनड्राइव्हवर न्या, किंवा प्रिंट हातात आली की तिथेच उभं राहून आपल्या फोनवरून लॉगआऊट करा. मग ‘अकाउंट’मध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा आणि सोबत मेल पत्ताही द्या. पिन विसरला तर तो मेलच उपयोगी पडतो. जन्मसाल किंवा ११११११ नको.

नवऱ्याच्या फेसबुकचं मला हॅकिंग वाटत नाही. दुसऱ्याच्या फोनवरून त्यांचं नाव शोधा. एकाच नावाच्या, एकाच फोटोच्या दोन प्रोफाइल निघाल्या तर कुणीतरी नक्कल बनवली आहे, मूळ अकाउंटाला हातही लागलेला नाही. अशा वेळी पासवर्ड बदलून काहीच होत नाही. नकली प्रोफाइल उघडून तीन टिंबांवर दाबायचं, ‘रिपोर्ट प्रोफाइल’मध्ये ‘दुसऱ्याचं सोंग घेतंय’ या अर्थाचा पर्याय निवडायचा. नवऱ्याने ‘मी’ निवडावं, बाकीच्यांनी ‘मित्र’ निवडून खऱ्या प्रोफाइलचं नाव द्यावं. रिपोर्ट करण्याआधी त्या प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा, कारण नाव कधीही बदलता येतं आणि पोलीस लिंकच मागतात. नंतर खऱ्या प्रोफाइलची फ्रेंडलिस्ट ‘ओन्ली मी’ करा. नक्कल करणाऱ्याला फोटोपेक्षा ती यादीच हवी असते, मेसेज कुणाला पाठवायचे ते तिथूनच कळतं. प्रोफाइल लॉक केली तर आणखी चांगलं.

मेसेज खऱ्या अकाउंटातूनच गेले असतील तर फेसबुकच्या सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट्स सेंटर’मध्ये ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’, त्यात ‘व्हेअर यू आर लॉग्ड इन’ उघडा. इथे गावाचं नाव बघून घाबरू नका. फोंड्यात बसून मोबाइल डेटावर लॉगिन केलं तरी मुंबई, पुणे, बेंगळुरू दिसू शकतं, कारण कंपनीचं इंटरनेट तिकडून वळून येतं. गावापेक्षा फोनचं मॉडेल आणि वेळ बघा. घरात सगळे सॅमसंगवाले आणि यादीत पहाटे तीनला कुठलातरी आयफोन, तर शंका खरी. तिथूनच अनोळखी उपकरणं काढा, पासवर्ड बदला. याच अकाउंट्स सेंटरमध्ये अनोळखी इन्स्टाग्राम अकाउंट जोडलेलं नाही ना तेही बघा. चोर आपलं घाणेरडं अकाउंट जोडतो, त्याच्यावर कारवाई होते आणि तुमचं फेसबुक त्यासोबत बंद पडतं. होमस्टे किंवा दुकानाचं पेज असेल तर त्याचे अ‍ॅडमिन आणि जाहिरातींना जोडलेलं कार्ड तपासायला विसरू नका. आतच जाता येत नसेल तर फेसबुक डॉट कॉम स्लॅश हॅक्ड, नेहमीच्या फोनवरून. इन्स्टाग्रामसाठीही तसंच, इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड.

मुलीला येणाऱ्या मेलांचा अर्थ एवढाच की कुणीतरी तिचं युजरनेम टाकून ‘पासवर्ड विसरलो’ दाबतंय. आत शिरलेला माणूस असे मेल पाठवत बसत नाही. मेलमधल्या बटणावर दाबू नका. इन्स्टाग्रामच्या अ‍ॅपमध्येच ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’खाली ‘रिसेंट ईमेल्स’ आहे. खरा मेल तिथे दिसतो. तिथे नसेल तर तो मेल खोटा, आणि बटण म्हणजे सापळा. टू-फॅक्टर (इथलं टू-स्टेप व्हेरिफिकेशन) लावा, एवढं पुरे. मेल पत्ताच बदलल्याचा खरा मेल आला तर मात्र त्यातली बदल मागे घेण्याची लिंक त्याच दिवशी वापरायची.

तिच्याशी शांतपणे बोलून मात्र घ्या. कुणी फोटोंवरून धमकावत असेल तर मुलं ते घरी सांगत नाहीत. तसं काही असेल तर पैसे द्यायचे नाहीत, बोलणं पुसायचं नाही, स्क्रीनशॉट घेऊन ब्लॉक करायचं. ती १८ वर्षांखालची असेल तर ‘टेक इट डाउन’ आणि मोठी असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ या मोफत सेवांवर फोटो न पाठवता फक्त त्याचा डिजिटल ठसा देऊन तो पसरण्यापासून रोखायला मदत मिळते. हेल्पलाइन मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१.

फोनमध्येच काही बसलंय का? फोन तापतो, बॅटरी उतरते, बोललेल्या वस्तूची जाहिरात दिसते, यावरून काही सिद्ध होत नाही. विचारायचं ते एकच: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवणारी) कुणी इन्स्टॉल केली का? ‘लग्नपत्रिका’, ‘आरटीओ चलान’, ‘बँक केवायसी’ अशा नावांनी त्या येतात. नुसती आली किंवा डाऊनलोड झाली तर बिघडत नाही. इन्स्टॉल करून एसएमएसची परवानगी दिली की मात्र ओटीपी चोराला दिसू लागतात. तसं झालं असेल तर त्या फोनचं इंटरनेट बंद करा आणि बँकेचे, मेलचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. त्याच फोनवरून बदलले तर नवेही त्याच्याकडे जाऊ शकतात. मग सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’, ‘नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस’ आणि ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ या तिन्ही ठिकाणी अनोळखी नाव शोधून परवानगी काढा आणि अ‍ॅप उडवा. अ‍ॅडमिन काढल्याशिवाय ‘अनइन्स्टॉल’ दाबलंच जात नाही, तिथेच लोक अडतात. या एका प्रकारात स्क्रीनशॉट आणि ती फाइल बाजूला ठेवून झाल्यावर फॉरमॅट मारणं बरोबर आहे, आणि नंतर अ‍ॅप्स फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या.

शंका घरातल्याच किंवा ओळखीतल्याच माणसावर असेल, तर ते गांभीर्याने घ्या. फोनचा पॅटर्न माहीत असलेल्याला हॅकिंग करावंच लागत नाही. अशा माणसाची भीती वाटत असेल तर सगळं एकदम बदलू नका, त्याला लगेच कळतं. आधी सुरक्षित ठिकाणच्या दुसऱ्या फोनवर नवा मेल उघडा, १८१ ला किंवा विश्वासाच्या माणसाला सांगा, मग एकेक अकाउंट हलवा.

‘अकाउंट परत मिळवून देतो, दोन हजार द्या’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. गुगलवर सापडणारे ‘फेसबुक कस्टमर केअर’चे फोन नंबरही खोटे असतात. सर्वसाधारण वापरणाऱ्यांसाठी अशी फोनची सोयच नाही.

तक्रार सायबरक्राइम पोर्टलवर करता येते, रायबंदरच्या सायबर क्राइम पोलीस स्टेशनात करता येते आणि जवळच्या पोलीस स्टेशनातही. पैसे गेलेला नातेवाईक सावंतवाडीला किंवा बेळगावला असेल तर त्याने तिथल्या स्टेशनात द्यावी. हद्दीचा प्रश्न असला तरी झिरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवलेली फिर्याद) नोंदवता येतो. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी कलमाखाली आणि सोंग घेऊन फसवणं ६६डी खाली गुन्हा आहे, दोन्हींना ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. सोबत न्यायच्या गोष्टी: तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट, नकली प्रोफाइलची लिंक, ज्या नंबरवर किंवा यूपीआय आयडीवर पैसे मागितले तो, बँकेचं स्टेटमेंट आणि मेल मूळ स्वरूपात. फॉरवर्ड केलेल्या मेलात तो कुठून आला याची मूळ माहिती राहत नाही, म्हणून तो इनबॉक्समधून पुसू नका. पोचपावतीचा नंबर त्याच कागदावर उतरवून ठेवा, कारण पुढे बँक आणि पोलीस दोघेही तोच विचारतात.